पोट्टं वाचून राहिलं, काकू!

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहून राहिलो. आता कुठं उठाल?

आमच्या लहान्याची तिसरी. वहीत डावीकडे स्पेलिंग, उजवीकडे अर्थ, आणि तोंडाने अखंड जप चालू : सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. तुम्ही त्या यादीतला मधलाच एक शब्द बोटाखाली धरलात. वरून सुरुवात केल्याशिवाय त्याला तो येईना. तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "हे पोट्टं वाचून नाही राहिलं, पाठ म्हणून राहिलं." जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईंनी इंग्रजीचं दुखणं असं एका वाक्यात धरावं, याचं मला अजून नवल वाटतं. इतकी फी घेणाऱ्या शिकवणीत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग तुमच्या कपाटातून जुन्या लग्नपत्रिका निघाल्या. जाड पत्रिकेवर उजवीकडे स्केचपेनने 'ए-टी', त्याच्या डावीकडे कापलेली छोटी खिडकी, आणि मागून सरकणारी पट्टी. पट्टीवर एकाखाली एक बी, सी, एफ, एच, एम, आर. ओढत गेलं की बॅट, कॅट, फॅट, हॅट, मॅट, रॅट. "डबे तेच, अजनीला फक्त इंजिन बदललं," असं तुम्ही म्हणायच्या. पट्टी उलटी केली की पाठीवर अजून 'चि. सौ. कां.' दिसतं. कोणाच्या तरी लग्नाने आमच्या घरी इंग्रजी आणलं म्हणायचं!

पण खरी शिस्त अर्थाची होती. नुसतं यमक जुळवून तुमच्याकडे सुटका नाही. 'ओ-पी'च्या दिवशी हॉप म्हटलं की लंगडी घालायची, मॉप म्हटलं की पोछा हातात घ्यायचा, ड्रॉप म्हटलं की खोडरबर खाली टाकायचं, स्टॉप म्हटलं की आहे तिथंच थांबायचं. पट्टी सरकवताना त्याने 'झॉप' केलं तेव्हा तुम्ही शांतपणे विचारलंत, "दाखव करून." त्याला दाखवता येईना. आवाज जुळला म्हणून शब्द होत नाही, हे त्याला तिथं कळलं. मेन आणि मॅन, पेन आणि पॅन यांच्यासाठी तर तुम्ही त्याला आरशासमोर उभं केलंत, तोंड किती उघडतं ते बघायला.

मला स्वतःला सगळ्यात पटलं ते हे, की तुम्ही सुरुवात घरातल्याच शब्दांपासून केलीत. मग, जग, प्लग. हे तिन्ही आमच्या घरात आधीपासून नांदत होते, फक्त त्यांची शेपटी एकच, यू-जी, हे कोणी दाखवलं नव्हतं. त्यांच्या मागोमाग रग आला, बग आला, आणि हग आला तेव्हा तो लाजून पळाला. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटायचं. राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली. तेव्हापासून पोरांना ते लवकर भेटतं खरं, पण परक्यासारखंच. तुम्ही ओळख करून दिलीत ती घरच्या माणसाची.

मग लहान्याने माझं दुकान धरलं. सक्करदऱ्यात माझं इलेक्ट्रिकचं दुकान, तिथं खोक्यांवर हेच तर छापलेलं. ६ ॲम्प, १६ ॲम्प. त्यावरून लॅम्प, क्लॅम्प, रॅम्प, स्टॅम्प. ॲम्प हा मुळात आंद्रे-मारी अँपिअर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाचा तुकडा, हे तुम्ही सांगितलंत. मी इतकी वर्षं ते नाव विकून राहिलो, मला पत्ता नाही.

'आय-एल-एल'ची शेपटी तर अख्खी नागपूरची निघाली. बिल आणि ड्रिल माझ्या दुकानातले, ग्रिल तुमच्या खिडकीची, हिल म्हणजे सेमिनरी हिल्स, आणि मिल म्हणजे १८७७ साली टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल. त्या मिलच्या जागेवर आता मॉल आहे. "आय काढ, ए घाल," तुम्ही म्हणालात, आणि मिलचा मॉल झाला! तिथून बॉल, वॉल, फॉल, टॉल असं दुसरंच कुटुंब सुरू. शेवटी एल दोनदा का, तर छोट्या शब्दात एकट्या स्वरानंतर एल, एफ, एस आले की ते बहुधा जोडीने येतात. यावर त्याने विचारलं, मग बसला एकच एस काऊन? तर बस हा ऑम्निबसचा कापलेला तुकडा, कापताना जोडी कुठून येणार! असं उत्तर मिळालं की पोरगं पुढचा प्रश्न घेऊन येतंच.

'आय-जी-एच-टी'ला मी घाबरलो होतो. लाइट, नाइट, राइट, फाइट यांच्यात ते जी-एच कशाला? तुम्ही सांगितलंत की पूर्वी इंग्रज ते घशातून, आपल्या 'ख'च्या जवळ जाणारं काहीतरी उच्चारायचे. उच्चार गेला, लिहिण्यात खूण राहिली. वर आपल्या संस्कृतातला 'नक्त' म्हणजे रात्र आणि इंग्रजीतला नाइट एकाच मुळाचे! नक्त व्रत करणाऱ्या माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग इंग्रजांचाही उपास का?" पण तीच शेपटी एट आणि वेटमध्ये वेगळी वाजते, हेही तुम्ही लपवलं नाही. 'ओ-यू-जी-एच'च्या शेपटीत टफ आणि रफला जोडून त्याने कफ म्हटलं, तर तिथं कॉफ निघालं. खोकल्याच्या औषधाला अख्खं नागपूर कफ सिरप म्हणतं, त्यामुळे या बाबतीत मी पोराच्या बाजूने आहे.

पैशांचं नाव काढलं की तुमच्या कपाळावर आठ्या. एप्रिलमध्ये तुमच्या कूलरचा पंप बदलला आणि नवी खस लावली, तेवढंच करू दिलंत. तेही वाया गेलं नाही. खस ओली होईस्तोवर तुम्ही त्याच्याकडून कूल, पूल, टूल, स्टूल, स्कूल करून घेतलंत, आणि वूल ऱ्हस्व का हे विचारायच्या आत त्याला पन्हं दिलंत.

काल रात्री वीज गेली तेव्हा तो टॉर्चच्या उजेडात औषधाच्या पाकिटावरचं 'पिल' वाचत होता, आणि मिलच्या घरातला म्हणून स्वतःच ओळखलं. बायकोने मला फक्त कोपर मारलं.

काकू, तुमचे मनापासून आभार. तुमच्यासाठी पत्रिकांचा नवा गठ्ठा जमवला आहे, भाचीच्या लग्नाच्या उरलेल्या. रविवारी तो 'ई-ए-आर' घेऊन येईल. हिअर, निअर, फिअर नीट आहेत, पण बेअर आणि पेअर फुटून निघालेत. आणि एकाच स्पेलिंगचा टिअर म्हणजे आसू, टेअर म्हणजे फाडणं, यावर तो कालपासून माझं डोकं खाऊन राहिला. मी तुमचं नाव सांगून मोकळा झालो आहे. उत्तर तयार ठेवा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिकवाला