बाबा, चेंडू अखेर पडला

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर आवाज सारखा तुटत होता, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. पहिला प्रोजेक्ट परवा जमा केला. पाच सेकंदांचं ॲनिमेशन आहे. एक लाल चेंडू वरून पडतो, टप्पे खातो आणि थांबतो. आई, तू विचारशील की एवढ्याला तीन आठवडे कशाला लागले? तेच सांगते.

आम्ही आफ्टर इफेक्ट्स शिकतोय. हे सॉफ्टवेअर १९९३ साली आलं, तेव्हापासून मोशन ग्राफिक्सवाल्यांच्या, म्हणजे हलती चित्रं-अक्षरं करणाऱ्यांच्या, रोजच्या वापरातलं. पडद्याच्या खालच्या बाजूला टाइमलाइन, म्हणजे वेळेची पट्टी, असते. आम्ही एका सेकंदाच्या २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, धरल्या, म्हणजे पाच सेकंदांच्या १२०. त्या एकेक काढाव्या लागत नाहीत. चेंडू या फ्रेमला इथे, त्या फ्रेमला तिथे, एवढी खूण करायची. तिला कीफ्रेम म्हणतात. मधलं सगळं संगणक भरतो. हाताने चित्रं काढायच्या काळात मोक्याची चित्रं मुख्य चित्रकार काढायचा आणि मधली भरायला सहायक असायचे, त्यातली ही पद्धत.

मी पहिली कीफ्रेम वर टाकली, १२व्या फ्रेमला जमिनीवर, २४व्या फ्रेमला पुन्हा वर. चालवून पाहायला स्पेसबार दाबला. चेंडू खाली आला, वर गेला, पण पडला काही नाही. दोरी बांधून कुणीतरी एकसारखा वरखाली ओढतंय, असं दिसत होतं. मग सगळ्या कीफ्रेम निवडून ‘ईझी ईझ’ लावलं. त्याने हालचाल सुरू होताना आणि थांबताना मऊ होते. झालं उलटंच. चेंडू जमिनीजवळ येता येता हळू व्हायला लागला, जसा काही खाली कापूस पसरलाय!

आमच्या मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, “खरा चेंडू हळू कुठे होतो?”

आणि बाबा, मला तुमचा फळा दिसला. पडणारी वस्तू सारख्या वेळात १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते, हे तुम्ही खडूने ठिपके काढून दाखवायचात. तेव्हा मी ते पाठ केलं होतं. या वेळी ते मोजलं. माझा चेंडू ८०० पिक्सेल पडतो, १२ फ्रेममध्ये. त्याचे तीन-तीन फ्रेमचे चार भाग केले: ५०, १५०, २५०, ३५०. पडद्यावर त्या उंचींना आडव्या रेषा लावल्या, हालचालीचा ग्राफ उघडला आणि चेंडू प्रत्येक रेषेवर वेळेत पोचेपर्यंत वक्राचे हँडल ओढत बसले. माथ्यावर गोल कमान, जमिनीपाशी टोकदार कोन, असा तो ग्राफ शेवटी झाला. पुन्हा स्पेसबार दाबला आणि चेंडू पडला. खरंच पडला, बाबा. त्याला वजन आलं. चित्र तेच होतं, लाल गोळाच, फक्त फ्रेममधली अंतरं बदलली होती. मी तो किती वेळा पाहिला, ते मोजलेलं नाही.

पुढच्या टप्प्यांनाही तुमचंच गणित लागलं. प्रत्येक टप्पा आधीच्या निम्म्या उंचीचा ठेवला, म्हणून वेळही निम्मा केला, तर चेंडू घाईत असल्यासारखा वाटे. मग वर्गमूळ आठवलं: वेळ उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. आता टप्पे १७, १२, ८ असे फ्रेम घेतात आणि डोळ्याला ते पटतं.

आपटताना चेंडू चेपलेला दाखवायचा असतो. रुंदी १२५ टक्के केली की उंची ८० करायची, म्हणजे आकार तेवढाच राहतो. पण मी चेपला की तो जमिनीवरून वर उचलला जायचा. यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. दोष अँकर पॉइंटचा होता, म्हणजे ज्या बिंदूभोवती चेंडू लहान-मोठा होतो त्याचा. तो चेंडूच्या मध्यावर असल्यामुळे चेंडू मध्याकडे आक्रसत होता. बिंदू तळाशी नेला आणि चेंडू जमिनीला चिकटून राहिला.

एक धडा फार महाग पडला असता. जमा करायच्या आदल्या रात्री मी फोल्डर हलवलं आणि मागच्या चित्राच्या जागी नुसते रंगीत पट्टे दिसायला लागले. प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्र साठवलेलं नसतं, ते कुठे ठेवलंय याचा पत्ता तेवढा असतो. पत्ता नव्याने दाखवल्यावर सगळं परत आलं, पण तोवर माझे हात गार पडले होते.

सावलीचं काम अजून मनासारखं झालेलं नाही. चेंडू वर जाईल तशी ती फिकी आणि पसरट व्हायला हवी. त्यावर बसणार आहे.

व्हिडिओ दादाच्या फोनवर पाठवलाय. बाबा, पहिल्यांदा सरळ पाहा आणि दुसऱ्यांदा अगदी हळू, मधे मधे थांबवून. तुमचे ठिपके दिसतील. आई, शेवटचे अडीच सेकंद चेंडू नुसता पडून आहे, व्हिडिओ अडकलाय असं समजू नकोस. ते मी मुद्दाम ठेवलंय.

तुमची,
मुक्ता