‘इंटरनेटवर वाचू नका’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅन्सरचं निदान झालं की रुग्णाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘इंटरनेटवर काही वाचत बसू नका.’ सल्ला रास्त आहे. पण मग वाचायचं काय, हे फारसं कुणी सांगत नाही. घाबरलेला माणूस मोबाइल उघडणारच. मग साखर सोडली की गाठ उपाशी मरते, बायोप्सीची सुई लागली की रोग पसरतो, असलं काहीबाही त्याच्या पदरी पडतं.

डॉक्टर काहीच सांगत नाहीत, असा माझा आरोप नाही. पण कानावर पडलेलं टिकत नाही. या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेताना डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसल्स यांनी २००३ मध्ये नोंदवलं होतं की, डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात आणि लक्षात राहिलेल्यातलीही जवळजवळ निम्मी चुकीची असते. ‘तुम्हाला कॅन्सर आहे’ या वाक्यानंतरचं किती ऐकू येत असेल, याचा अंदाज कुणीही करावा.

रिपोर्ट हातात पडला की गोंधळ आणखी वाढतो. ‘ग्रेड ३’ वाचून घरचे तिसरी स्टेज समजतात. वास्तविक स्टेज म्हणजे रोग शरीरात किती पसरला आहे. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात. समजावायला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण ती दोन मिनिटं कुणाच्या वाट्याची हे ठरलेलं नसतं. पाच वर्षं जगणाऱ्यांच्या टक्केवारीचंही तसंच. ते आकडे काही वर्षांपूर्वी निदान झालेल्या लोकांचे असतात. त्यानंतर आलेल्या उपचारांचा परिणाम त्यांत दिसत नाही. हे कुणी न सांगता नुसता आकडा समोर आला, तर माणूस खचतो.

काही माहिती तर जिवावर बेतू शकते. केमोनंतर रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना ३८ अंश सेल्सिअस ताप म्हणजे तातडीची बाब. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नसते. हे तोंडी सांगून कसं चालेल? कागदावर ठळक हवं, शेजारी रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर हवा.

म्हणून माझं म्हणणं असं, की औषधांच्या चिठ्ठीबरोबर माहितीचीही चिठ्ठी द्यावी: कोणती पुस्तिका, कोणतं संकेतस्थळ, आणि तेही रुग्णाच्या भाषेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची ‘पीडीक्यू’ या नावाची कॅन्सरविषयक माहिती रुग्णांसाठी वेगळी आणि डॉक्टरांसाठी वेगळी लिहिलेली असते, हा नमुना समोर आहेच. सल्लामसलतीचं रेकॉर्डिंग करू द्यावं. समजलं का, असं विचारलं की सगळेच मान डोलावतात. त्यापेक्षा काय समजलं ते रुग्णालाच सांगायला लावावं. अर्थात प्रत्येकाला सगळं जाणून घ्यायचं नसतं. किती सांगू, हे त्यालाच विचारावं, बाहेर उभ्या नातेवाइकांना नव्हे.

या कामाला प्रशिक्षित परिचारिका सर्वांत योग्य, असं मला वाटतं. रुग्ण तिच्याशी मोकळेपणाने बोलतात, घेत असलेल्या झाडपाल्याच्या औषधांबद्दलही. मात्र हा वेळ तिच्या कामाच्या तासांत धरायला हवा आणि त्यासाठी माणसं नेमायला हवीत. नाहीतर सलाइन बदलता बदलता उरलेल्या क्षणांत हे काम तिच्यावर ढकललं जाईल.

– एक वाचक