फलक कोरण्याआधी पदक तपासा

संपादक महोदय,

धारातीर्थी पडलेल्या जवानाचे स्मारक गावकरी वर्गणी काढून उभारतात आणि फलकावर पदकच चुकीचे कोरले जाते. सर्वाधिक गल्लत होते ती चक्रांची. परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या लढाईतील पराक्रमासाठी. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र त्याव्यतिरिक्तच्या शौर्यासाठी. म्हणूनच २०१५ मध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना गेलेले कर्नल संतोष महाडिक यांना शौर्य चक्र मिळाले, तर पोलीस दलातील तुकाराम ओंबळे यांना अशोक चक्र. सेना पदकापुढे ‘शौर्य’ हा शब्द हवाच, कारण ते विशेष सेवेसाठीही दिले जाते.

रंगाऱ्याकडे सोनेरी रंगाचा डबा तयारच असतो, त्यामुळे सगळी पदके सोनेरी होतात. परमवीर चक्र कांस्याचे, फीत एकरंगी जांभळी. महावीर आणि वीर चक्र चांदीचे. पहिल्याची फीत अर्धी पांढरी, अर्धी नारिंगी, दुसऱ्याची अर्धी गडद निळी, अर्धी नारिंगी. सोन्याचा मुलामा अशोक चक्रावर असतो.

पण खरी उणीव मजकुराची. ‘देशासाठी प्राण अर्पण केले’ या ओळीत जवान कुठेच दिसत नाही. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (मरणोत्तर; ब्रिटिश राजवटीतील सर्वोच्च शौर्यपदक) यांचेच घ्या. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे लहान तुकडीतले, बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर धावले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, दुसऱ्याला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. एवढे सगळे दहा ओळींत मावते.

सेवा क्रमांक, मृत्यूसमयीचा हुद्दा, पलटणीचे त्या वेळचे नाव आणि मानपत्र (पदकासोबतचा पराक्रमाचा अधिकृत वृत्तांत) रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडून लेखी मागवावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे. अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते. कच्चा मजकूर कुटुंबीयांना वाचून दाखवून त्यांची सही घ्यावी, मगच पाथरवटाकडे द्यावा. ग्रॅनाइटवरचे अक्षर चुकले तर पूर्ण पाटी बदलावी लागते, आणि तोवर वर्गणी संपलेली असते. आणखी एक, उद्घाटकाचे नाव जवानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत नको.

– एक माजी सैनिक