डब्यावरचं नाव

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

नेपल्सहून आलेला तुझा मेल बाबांनी मोठ्याने वाचून दाखवला. एक कॉफी प्यायची, पैसे दोनचे द्यायचे आणि दुसरी कॉफी खिसा रिकामा असलेल्या कुणीतरी नंतर येऊन प्यायची, हे तुझं 'काफे सोस्पेजो' आम्हाला दोघांनाही आवडलं. आपल्या पाणपोईच्याच जातीचं आहे. रांजण कुणी भरला, हे तिथे कोण विचारतं?

पुस्तकांचं मात्र मला तितकंसं पटलं नाही. पुस्तकावर नंबर चिकटवून ते बाकावर सोडायचं आणि ज्याला मिळेल त्याने साइटवर नोंद करायची, हे बुकक्रॉसिंग 2001 पासून चालू आहे म्हणतोस. चालू दे. पण नोंद आली का, हे दिवसातून चारदा बघतो, असंही तूच लिहिलंयस. मग सोडलंस कुठे? बाबा वाचून झालेला दिवाळी अंक मांडवी एक्स्प्रेसच्या सीटवर ठेवून खेडला उतरतात आणि विसरून जातात. शब्दकोडं आधी सोडवून ठेवतात, तेवढं मला आवडत नाही.

आता लाडवांविषयी. गिफ्ट पेपरात बांधून गाडीत ठेवणार आहेस ना? नको ठेवूस. का, ते आजवर तुला सांगितलं नव्हतं.

2007 ची संक्रांत. 11 जुलै 2006 ला वेस्टर्नच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, त्याला सहाच महिने झाले होते. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे रोज ऐकून ऐकून माझ्या कानांना ऐकू येईनासं झालं होतं. मी तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबा लेडीजमध्ये रॅकवर ठेवला आणि सीएसटीला गुपचूप उतरले. वाटलं, नंतर चढणाऱ्या बायका खातील. इंडिकेटरपर्यंत पोचते न पोचते तोच मागे आरडाओरडा. बायका भराभर खाली. डब्यावर आत्याचं नाव घातलेलं होतं, ते एकीने वाचलं होतं आणि हवालदार त्या नावाने हाका मारत होता. आत्या जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

तिसऱ्या हाकेला मी पुढे झाले.

"उघडा." उघडला.

"फोडा एक." फोडला, तर आतून रुपया निघाला. आजी घालायची तसं प्रत्येक लाडवात मी नाणं घातलं होतं.

"हे काय?"

"गुप्तदान."

"नाव घालून?"

सगळा फलाट हसला. त्याने आधी मला एक खायला लावला, मग स्वतः घेतला, जपून चावत. बाकीचे ऑफिसात वाटले.

त्यानंतर बंद डब्याच्या वाटेला गेले नाही. सेफ्टी पिनांचं कार्ड खिडकीच्या जाळीला अडकवून ठेवायला लागले. काय आहे ते लांबूनच दिसतं, कुणी घाबरत नाही. गर्दीत चढताना निऱ्या सुटतात, पर्सचा बंद तुटतो, चपलेचा अंगठा निघतो. एकदा कुर्ल्याला एक मुलगी चढली, हातात सर्टिफिकेटांची फाइल, बहुतेक इंटरव्ह्यूला निघालेली. कुर्त्याची चेन पाठीवर उसवलेली. तिने दोन पिना काढल्या, तिसरी दातांत धरली आणि तशीच मला म्हणाली, "आंटी, तुमच्या आहेत का?"

"नाही गं," म्हटलं आणि तिच्याकडून पिना घेऊन मागून लावून दिल्या.

तेव्हा लाडू सीटवर ठेवू नकोस. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात ताटलीत उघडे ठेव, शेजारी चिठ्ठीत तीळ, शेंगदाणे, गूळ, वेलची एवढं लिही. शेंगदाण्याची ॲलर्जी असते लोकांना. खाली सही नको. या खेपेला नाणी घातलेली नाहीत.

आणि तू नेलेला डबा तोच आहे. तो तिथे सोडून येऊ नकोस.

तुझी,
आई