बोट नाही ओळखलं, तर किल्ली तरी हवी

संपादक महोदय,

दाराच्या स्मार्ट लॉकच्या, म्हणजे बोट टेकवून उघडणाऱ्या कुलपांच्या, जाहिराती हल्ली रोज दिसतात, म्हणून लिहिते. दांडिया बाजारातल्या आमच्या घराला मुलाने असं कुलूप बसवलं. सासूबाई ऐंशीच्या, धुणीभांडी करून बोटांवरच्या रेषा पार पुसट झालेल्या. मे महिन्याच्या भर दुपारी त्या अंगठा पदराला पुसून पुसून टेकवत राहिल्या, दार काही उघडेना. किल्ली आत, कपाटात.

दुकानदार स्वतःचं बोट लावून दाखवतो. तुम्ही घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचं लावून पाहा. साधी किल्ली चालते का, कुलपातले सेल संपले तर बाहेरून पॉवर बँक किंवा 9 व्होल्टची बॅटरी लावता येते का, हेही विचारा. आमची एक किल्ली आता शेजारच्या काकूंकडे असते.

— एक गृहिणी, वडोदरा