नाताळची ड्यूटी आणि राजाचं भाषण

हॅरो, लंडन
5 जानेवारी 2025

प्रिय शुभा,

तुझा नववर्षाचा निरोप मिळाला, आणि त्यातला टोमणाही पोचला. नाताळच्या दिवशी तू फोन केलास तेव्हा मी "थांब गं, राजाचं भाषण चालू आहे, नंतर करते" म्हणून ठेवून दिला. तो तू इतका मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. "सत्त्याहत्तर वर्षं झाली त्यांना घालवून, आणि आमची मैत्रीण अजून दरबारात उभी!" आणि वर इतिहासाच्या बाईंचा खडा सवाल: हे भाषण आज कुणाला हवंय? फोनवर बोललो असतो तर भांडलोच असतो. आज सुट्टी आहे, बाहेर गारठा आणि पाऊस, तेव्हा सविस्तर लिहिते. तू शांतपणे वाच आणि मग भांड.

आधी तुझ्या बाजूचं बोलते, कारण त्यातलं बरंच मला मान्य आहे. इथला राजा दर नाताळला करतो ते हे भाषण मुळात इंग्लंडपुरतं नव्हतंच, ते आपल्यासारख्यांसाठीच काढलेलं होतं. बीबीसीचा प्रमुख जॉन रीथ यानं तेव्हाचा राजा पंचम जॉर्ज याच्या मागे कित्येक वर्षं लकडा लावला होता, पण राजाला रेडिओचं काही कौतुक नव्हतं. मग 19 डिसेंबर 1932 ला बीबीसीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली, आणि सहाच दिवसांनी, नाताळच्या दुपारी, राजा सँडरिंगहॅमच्या आपल्या घरातून सगळ्या साम्राज्याशी बोलला. दुपारी तीनची वेळ आजही पाळतात, पण ती तेव्हा ठरली शॉर्टवेव्हच्या सोयीनं: त्या वेळेला साम्राज्याच्या जास्तीत जास्त भागांत आवाज नीट पोचायचा. कागद थरथरले तर त्यांची सळसळ माइकमध्ये जाऊ नये म्हणून टेबलावर जाड कापड अंथरलं होतं. आणि भाषण लिहून कुणी दिलं होतं माहितीये? रुडयार्ड किपलिंगनं. म्हणजे आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणाऱ्या मास्तरांच्या घरी जन्मलेल्या माणसानं. बर्फानं, वाळवंटानं नाहीतर समुद्रानं जगापासून तोडलेल्या माझ्या माणसांशी मी माझ्या घरातून आणि मनापासून बोलतोय, असा त्याचा सूर.

मनापासून! आणि त्याच नाताळला गांधीजी कुठे होते? तुझ्या विश्रांतवाडीच्या शेजारी, येरवड्याच्या तुरुंगात. जानेवारीपासून आत होते, सप्टेंबरात तिथेच उपोषण झालं, पुणे करार झाला, तरी सुटका नाही. तिसरी गोलमेज परिषद, काँग्रेसशिवायची, लंडनमध्ये आदल्याच दिवशी, 24 डिसेंबरला, गुंडाळली गेली होती. त्यामुळे "माझी माणसं" हा सूर त्या दिवशी रेडिओवर कितीही गोड लागला असला तरी त्या माणसांतला एक वडीलधारा कोठडीत होता. तुझ्या वर्गात हे दोन प्रसंग शेजारी शेजारी मांड, पोरं विसरणार नाहीत. (गंमत म्हणजे डॉलिस हिलचं आपलं महाराष्ट्र मंडळही 1932 चंच. एका बाजूला राजाचा आवाज, दुसऱ्या बाजूला आपली चार माणसं गणपतीची नाहीतर संक्रांतीची जमवाजमव करतायत, असं चित्र डोळ्यासमोर येतं.)

तर तिथपर्यंत आपण एकाच बाजूला आहोत. यापुढे वाट वेगळी होते.

माझं म्हणणं असं की या भाषणाची सत्ता जसजशी गेली तसतसं ते ऐकण्याजोगं झालं. 1957 सालचं बघ. सुएझ कालव्यावर ब्रिटनची फजिती होऊन वर्ष झालेलं, घाना आणि मलाया त्याच वर्षी स्वतंत्र झालेले, आणि एलिझाबेथ राणी पहिल्यांदा टीव्हीवर. ती काय म्हणते? मी तुम्हाला लढाईवर नेऊ शकत नाही, मी कायदे करत नाही, न्यायनिवाडा करत नाही, पण दुसरं काही देऊ शकते, माझं मन आणि माझी निष्ठा. तिच्या आजोबांच्या तोंडी हे शोभलं नसतं. त्यांच्या पाठीशी अख्खं साम्राज्य होतं.

आणखी एक बारीक गोष्ट. इथे पार्लमेंटचं अधिवेशन सुरू होताना राजा मुकुट घालून सिंहासनावरून भाषण वाचतो, त्यातला शब्द न् शब्द सरकारचा. आपल्या राष्ट्रपतींच्या अभिभाषणासारखंच. नोव्हेंबर 2023 मध्ये आताच्या राजाला, चार्ल्सना, उत्तर समुद्रातल्या तेल-वायूच्या परवान्यांच्या विधेयकाची घोषणा मोठ्यानं वाचावी लागली. जन्मभर पर्यावरणाच्या नावानं कंठशोष केलेला माणूस! चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. नाताळचं भाषण मात्र मंत्र्यांच्या सल्ल्यानं लिहायचं नसतं, ते त्यांचं स्वतःचं. म्हणजे वर्षभर दुसऱ्याचं वाचणाऱ्या माणसाला एक दिवस आपलं बोलायची मुभा. एवढ्यासाठी तरी मी कान देते. गप्प बसायची सवय झालेला माणूस वर्षातून एकदा काय बोलायचं ठरवतो, याची मला उत्सुकता असते.

आता आमच्या केअर होममधला नाताळ सांगते, म्हणजे मी "दरबारात" कशी उभी असते ते कळेल.

दिवाळीला सुट्टी मिळावी म्हणून मी दरवर्षी नाताळची ड्यूटी मागून घेते. रोटा लावणारी आमची मॅनेजर यावर खूश, कारण केरळच्या आणि फिलिपिन्सच्या पोरींना चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला जायचं असतं. एक वाजता जेवण. टर्की, भाजलेले बटाटे, ती कडवट छोटी कोबीची गोळी, जी कुणीच खात नाही आणि तरी प्रत्येक ताटात वाढावीच लागते. मग क्रॅकर ओढायचे, फट् आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट निघतो. तो डोक्यावर चढवायचाच. पावणेतीनला सगळ्यांना लाउंजमध्ये आणून बसवायचं, व्हीलचेअरचे ब्रेक लावायचे, कानातली यंत्रं चालू आहेत ना ते बघायचं, टीव्हीवर सबटायटल लावायची. एक आयरिश आजोबा आहेत, ते या वेळेला न चुकता बाणेदारपणे आपल्या खोलीत निघून जातात. त्यांचा चहा मी आधीच तिकडे नेऊन ठेवते. बाकी पंधरा-सोळा म्हातारी माणसं लाल-हिरवे-पिवळे कागदी मुकुट घालून बसलेली आणि समोर टीव्हीवर साध्या सुटातला राजा. त्या खोलीत मुकुट नसलेला तो एकटाच! मला दरवर्षी हसू येतं.

राष्ट्रगीत सुरू झालं की दोघी-तिघी झोपलेल्याच असतात. जमैकाची एक आजी मात्र ताठ बसते. लहानपणी शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती अख्खी गल्ली जमायची, सांगते ती. आवाज खरखरत यायचा, कळायचं कमीच, पण चर्चचे कपडे अंगावर ठेवूनच ऐकायचं असा आईचा दंडक. मग ती इथे आली, चाळीस वर्षं इस्पितळात धुणीभांडी आणि नंतर नर्सिंग केलं. राजाबद्दल तिला फार प्रेम आहे असं नाही. "बघू या म्हातारा काय म्हणतो ते," इतकंच.

या वेळी म्हातारा काय म्हणाला, ते तुला बातम्यांत कळलं नसेल. भाषण राजवाड्यात झालं नाही, फिट्झरोव्हिया चॅपलमध्ये झालं. पूर्वी तिथे मिडलसेक्स हॉस्पिटल होतं. हॉस्पिटल पाडलं, त्याचं सोनेरी मोझेकच्या छताचं छोटं प्रार्थनाघर तेवढं राहिलं. त्याच हॉस्पिटलात 1987 मध्ये डायानानं एड्सच्या रुग्णाशी हातमोजे न घालता हात मिळवला होता. हे राजानं मुद्दाम निवडलं की आपसूक झालं, देव जाणे. पण ज्या वर्षी त्याला कॅन्सर निघाला आणि पाठोपाठ सुनेलाही, त्या वर्षी हॉस्पिटलच्या उरलेल्या तुकड्यात उभं राहून त्यानं डॉक्टर-नर्सेसचे आभार मानले. मी दारात हातमोजे घालून उभी होते, एका आजोबांना टॉयलेटला न्यायचं होतं. आभाराचं म्हणशील तर कोविडात आम्ही टाळ्या पुष्कळ ऐकल्या, पगाराची घासाघीस त्यानंतरही तशीच चालू राहिली. त्यामुळे ते वाक्य कानावरून गेलं.

कान टवकारले ते पुढच्या वाक्यांना. ऑगस्टमधल्या दंगलींवर तो बोलला. तुला आठवतं ना, तू रोज रात्री विचारायचीस, घरी पोचलीस का? साउथपोर्टला नाचाच्या क्लासमध्ये तीन चिमुरड्या मुलींचा खून झाला, मारेकरी निर्वासित मुसलमान असल्याची खोटी अफवा उठली, आणि मग मशिदीवर दगड, रॉदरहॅमला निर्वासितांच्या हॉटेलला आग. आमच्या भागात काही झालं नाही, पण त्या आठवड्यात मी बसमध्ये वरच्या मजल्यावर बसले नाही आणि फोनवर मराठीत बोलले नाही. राजा तेव्हा बरेच दिवस गप्पच होता, त्यावर टीकाही झाली. डिसेंबरात तो म्हणाला की त्या चिडीला आणि बेबंदपणाला उत्तर म्हणून लोक एकत्र आले, त्यांनी तसंच वागून दाखवलं नाही, मोडलेलं दुरुस्त केलं, इमारती आणि नातीसुद्धा, आणि याचा मला अभिमान वाटला. साउथपोर्टच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी मशिदीची पडलेली भिंत परत बांधायला घेतली होती, त्याच्याकडे हा रोख.

आता यात मोठं काय, असं तू म्हणशील. चार महिने उशिरा आलेली दोन वाक्यं. पण ती कुठे ऐकली ते बघ. आमच्याकडे एक आजी आहेत, अगदी लाघवी, मला "डार्लिंग"शिवाय हाक मारत नाहीत. ऑगस्टमध्ये बातम्या बघताना त्या म्हणाल्या होत्या, "लोकांना इतकं डिवचल्यावर ते तरी काय करणार?" आणि मग माझा हात थोपटून, "तू नाही गं, तू चांगल्यांतली." मी त्यांचं ब्लड प्रेशर घेत होते. काय बोलणार? आकडा लिहिला आणि पुढच्या खोलीत गेले. नाताळला त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, निळा कागदी मुकुट घालून. पंतप्रधान हेच बोलला असता तर त्यांनी चॅनेल बदलायला सांगितलं असतं, कुठल्याही पक्षाचा असो. मी बोलले असते तर मॅनेजरपर्यंत गेलं असतं. राजा बोलला तर ऐकून घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही मला ठाऊक नाही, मी मुद्दाम टीव्हीकडेच बघत होते. भाषण संपल्यावर त्यांनी मिन्स पाय मागितला आणि राजा फार थकलेला दिसतो म्हणाल्या. त्यांचं मत बदललं असेल असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या खोलीत ते एकदा मोठ्यानं बोललं गेलं, आणि ते मला बोलावं लागलं नाही.

लोक बघतात किती, हाही तुझा प्रश्न होता. एके काळी अडीच-पावणेतीन कोटी बघायचे असं सांगतात. 2022 ला, राणी गेल्यावरच्या चार्ल्सच्या पहिल्या भाषणाला, एक कोटीच्या थोडे वर होते. या वेळी सत्तर लाखांच्याही आत, आणि एका विनोदी मालिकेच्या शेवटच्या भागानं त्याला सहज मागे टाकलं. तरुण पोरं तर भाषणाऐवजी मांडणीच बघतात: टेबलावर कुणाचा फोटो आहे, कुणाचा गायब झाला, ब्रोच कुठला. 2019 ला राणीच्या टेबलावर नातू हॅरी आणि त्याची बायको मेगन यांचा फोटो नव्हता, त्यावर शब्दांपेक्षा जास्त चर्चा झाली. यात बातमी शोधायची तर डेन्मार्कला जावं. तिथल्या मार्गरेट राणीनं 2023 च्या वर्षअखेरीच्या भाषणात सहज सांगावं तसं सांगून टाकलं की मी गादी सोडतेय. पण दरवर्षी काही कुणी गादी सोडत नाही.

मग राजा हवाच का? इथे मात्र मी तुझ्याच बाजूला आहे, नको. वंशपरंपरेनं मिळालेली खुर्ची मला पटत नाही, आणि त्यांच्या जमिनी-महालांचे हिशेब वाचले की आणखीच पटत नाही. जर्मनीत कैसर 1918 सालीच गेला, तरी नाताळला तिथले राष्ट्राध्यक्ष बोलतातच. यंदा माग्डेबुर्गच्या नाताळबाजारातल्या हल्ल्याला पाच दिवस झाले होते, श्टाइनमायर त्यावर बोलले. म्हणजे राजाशिवायही हे काम होतं. फक्त बोलणारा असा हवा की ज्याला उद्या कुणाची मतं मागायची नाहीत, आणि ज्याचं बोलणं कागदी मुकुटवाल्या त्या पहिल्या रांगेला निदान पाच मिनिटं ऐकून घ्यावंसं वाटेल. इथे सध्या तसा एवढा एकच माणूस आहे, म्हणून मी फोन ठेवला.

आता तुला विचारते. आपल्याकडे 14 ऑगस्टला आणि 25 जानेवारीला संध्याकाळी राष्ट्रपती देशाला उद्देशून बोलतात. तुझ्या घरात शेवटचं कुणी बसून ऐकलं? मी तिथे होते तेव्हा आपण तर त्या वेळी खुशाल दुसरं चॅनेल लावायचो. तुझ्या नववीच्या वर्गाला या 25 तारखेचं ऐकायला सांगून बघ आणि पोरं काय म्हणतात ते मला कळव, फोडणी न घालता.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर त्याआधी रिपोर्टचे फोटो पाठव, मी इथल्या फिजिओला दाखवते. भाऊजींना नमस्कार, ओवीला पापा.

तुझीच,
वैशू