साउंडवाल्या काकाजींना, मोहाच्या आवाजासाठी

काकाजी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. तरी चारचौघांत लिहिते आहे, कारण लघुपट म्हटला की लोक दिग्दर्शकाचं नाव विचारतात आणि तिथेच थांबतात. आपल्या १४ मिनिटांच्या फिल्मबद्दलही सगळे मलाच विचारतात. तिच्यातलं जे लोकांच्या लक्षात राहतं ते मात्र तुमच्याकडून आलेलं आहे. ते कसं आलं, हे आपल्या भागात कॅमेरा घेऊन धडपडणाऱ्या प्रत्येक पोट्ट्याला आणि पोट्टीला कळावं, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. काकाजी झाडीपट्टी रंगभूमीवर साउंड सांभाळतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागली की रात्रीची नाटकं सुरू होतात, ती पार होळीपर्यंत. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे या धंद्याचं मुख्य ठिकाण. नाटक कंपन्या तिथल्या, बुकिंगही तिथेच होतं. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि नाटक उजाडेपर्यंत चालतं. थंडीत शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हातारीलाही नायिकेचा हुंदका ऐकू गेला पाहिजे, ही जबाबदारी काकाजींची.

होळी झाली की सीझन संपतो, मिक्सर आणि माइक पेटीत जातात. आणि नेमका त्याच सुमारास मोह, म्हणजे मोहाच्या झाडाची फुलं, गळायला लागतो. माझी फिल्म मोहफूल वेचणाऱ्या बाईची होती, म्हणून तुम्ही मला मोकळे सापडलात. भाडं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पेटीत ठेवून का करू? वापरात राहिलं तर माइक बरा राह्यते." डिझेल आणि जेवण एवढ्यावर तुम्ही तयार झालात, आणि जेवण तर काकूंनीच केलं.

आमच्यासारखे लोक हातातला सगळा पैसा कॅमेऱ्यावर घालतात. लेन्स भाड्याने आणतात, ड्रोन उडवतात, आणि आवाजाची वेळ आली की कॅमेऱ्यावरच्या माइकवर भागवतात. गावोगावच्या लघुपट स्पर्धांत मी हे वारंवार पाहिलं आहे. चित्र थोडं हललं तर प्रेक्षक समजून घेतो. पण बोलणं ऐकू आलं नाही की तो मोबाइल काढतो. तुम्ही पहिल्याच बैठकीत विचारलंत, "या बाईच्या घरी का का ऐकू येते, ते सांग." पटकथेचं पहिलं पान तुम्ही उघडलंसुद्धा नव्हतं. मग संध्याकाळी तुम्ही मला सांदवाडीत, म्हणजे घराच्या परसात, बसवलंत आणि एकेक आवाज मोजायला लावलात: शेजारच्या गोठ्यातली घंटी, दूरचा मोटारपंप, ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण, टिटवी. ट्यूबलाइट बंद केली तेव्हा कळलं की ती गुणगुण सगळ्या घरभर होती. त्या बाईच्या घरातले सगळे प्रसंग आम्ही पिवळ्या दिव्याखाली केले, ते त्या संध्याकाळमुळे.

मोहाच्या आवाजाबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. फुलं पहाटेच्या अंधारात गळतात, म्हणून बाया उजाडायच्या आधीच टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा बरेचदा जाळून टाकतात. जळालेल्या मातीवर फूल पडलं तर आवाजच होत नाही. तुम्ही जमीन पाहून एवढंच म्हणालात की अर्ध्या झाडाखालचा पाला राहू द्या. बांधीच्या धुऱ्यावरचं, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावरचं झाड होतं, मालकाने होकार दिला. मग तुम्ही वाळक्या पाल्यावर एक माइक ठेवला, एक रित्या सुपाजवळ आणि एक ओल्या मातीवर. एकच फूल, तीन ठिकाणी तीन तऱ्हेने पडतं. फिल्मच्या सुरुवातीला पडदा काळा आहे आणि फक्त हे आवाज आहेत. गावात बिछायत केंद्राच्या पांढऱ्या कापडावर आपण ती दाखवली, तेव्हा चित्र येण्याआधीच बायांमधून आवाज आला, "मोह पडून रायला!" कुठल्याही परीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा मला ते मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट वाघाची. माझ्या पटकथेत जंगलातली शांतता लिहिलेली होती. आपल्याकडे मोह वेचताना वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. म्हणून बाया एकट्या जात नाहीत, आणि गेल्या की सतत एकमेकींना हाळी देत राहतात, कोणी डबा वाजवते. शूटिंगसाठी त्यांना गप्प करायचं म्हणजे त्यांचं संरक्षणच काढून घ्यायचं. तुम्ही सरळ सांगितलंत, "बायकायले चूप नको करू. जंगलात बाई चूप झाली का समजावं, काहीतरी बिघडलं." त्या एका वाक्यावर मी पटकथा बदलली. आता फिल्ममध्ये हाळ्या आहेत, प्रत्येक बाईची वेगळी, आणि एका क्षणी त्यातली एक हाळी येत नाही. वाघ कुठेच दिसत नाही. प्रेक्षक सावरून बसतो तो तिथे. शुद्ध आवाज घेताना आम्हाला गप्प राहावं लागायचं, म्हणून तुम्ही बांधीच्या चारही बाजूंना टॉर्च घेऊन माणसं उभी केलीत, ती वेगळीच. आधी माणसाची काळजी, मग माइकची, हा क्रम तुम्ही एकदाही मोडू दिला नाहीत.

नायिकेचं काम करणाऱ्या ताई झाडीपट्टीच्याच नटी. आयुष्यभर त्यांनी हजारोंच्या गर्दीवर आवाज फेकला. कॅमेऱ्यासमोर त्यांचं पहिलं वाक्य निघालं ते थेट शेजारच्या गावापर्यंत. मी समजावू लागले, तर तुम्ही मला थांबवलंत. तुम्ही त्यांच्यासमोर हातभर अंतरावर जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "आज पब्लिक एवढंच हाय. मी एकटाच आहो. मले सांग." पुढे त्या जे बोलल्या ते मला कधी सांगून करून घेता आलं नसतं. नंतर शहरातल्या एका ओळखीच्या संकलकाने सल्ला दिला की संवाद प्रमाण मराठीत डब करून घ्या, बाहेर चांगलं चालेल. तुम्ही नकारार्थी मान हलवलीत आणि झाडीबोली जशीच्या तशी राहिली. बाहेर पाठवताना खाली उपशीर्षकं दिली, आणि कुणालाही अडचण आली नाही.

तुमच्या धंद्यातला एक हिशेब मला फार उपयोगी पडला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून मोठ्या मैदानात मागच्या भोंग्याचा आवाज पुढच्याशी जुळवावा लागतो, हे तुम्ही अनुभवाने करत आलात. आम्ही सेकंदाला २५ फ्रेम घेत होतो. म्हणजे माइक माणसापासून १४ मीटरवर असला तर आवाज जवळजवळ एक फ्रेम मागे पडतो. लांबच्या शॉटमध्ये ओठ आणि शब्द का जुळत नाहीत, हे मला संकलनाच्या टेबलावर तुमच्या या हिशेबामुळे पटकन उमगलं. आणि प्रत्येक जागा सोडताना तुम्ही सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून नुसता त्या जागेचा आवाज घेत होतात. दोन वाक्यांमधल्या फटी त्यानेच बुजल्या.

लघुपट म्हणजे मोठ्या सिनेमाची पायरी, असं अनेक जण मानतात. उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये असताना ‘गिरणी’ केली. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या घरघरीने एका मुलाचं जगणं व्यापून जातं. नागराज मंजुळे यांची सुरुवातही ‘पिस्तुल्या’ या लघुपटाने झाली. दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पुढे मोठे सिनेमे आले, म्हणून लोक पायरी म्हणतात. मला ते पटत नाही. ‘गिरणी’ तेवढ्याच लांबीची पूर्ण गोष्ट आहे, तिला आणखी ताणलं तर ती घरघर बोथट होईल. मोह वेचणाऱ्या बाईची पहाटही १४ मिनिटांचीच होती. मला यापुढेही याच मापाचं काम करायचं आहे. त्याला थिएटर नाही, तिकीट नाही, महोत्सवांची प्रवेश फी वर भरावी लागते. अशा कामात तुमच्यासारखा माणूस मिळणं किती मोठं, ते मला आतून कळतं.

श्रेयनामावलीत तुमचं नाव एकट्याच्या पाटीवर आहे, ‘ध्वनी’ या शब्दाखाली. तुम्ही म्हणाला होतात, गर्दीत टाकून दे. तेवढं एक मी ऐकलं नाही.

काकूंचेही आभार मानायचे आहेत. मध्यरात्री उठून आमच्यासाठी त्यांनी भाकरी आणि चण्याची भाजी बांधून दिली, आणि पहाटे थर्मासमधून चहा पाठवला. त्यांचं नाव आभारात आहे, पण ते फार अपुरं आहे.

आता एक मागणं. शेजारच्या दोन गावांतल्या काही मुलींना फिल्म करायची आहे. कॅमेरा मी शिकवीन. आवाज तुम्ही शिकवाल का? सीझन संपला की पेट्या बंद करण्याआधी मला फोन करा. मोह गळायला लागायच्या आत त्यांना घेऊन मी तुमच्याकडे येते, आणि या वेळी डिझेलच्या पैशांसोबत तुमचं मानधनही आणते. ते घ्यावंच लागेल.

तुमची,
मोहवाली पोरगी